जहाज न आलेली रात्र

शालू,

तुझी शोकसभा झाली. ती वेळेवर सुरू झाली नाही, हे तुला आवडलं नसतं. सुरू झाल्यावर जे झालं, ते तर मुळीच आवडलं नसतं. बोरिवलीच्या नागरिक मंडळाच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता आणि त्याला झेंडूचा एवढा जाडजूड हार घातला होता की तुझी हनुवटी दिसत नव्हती. हनुवटीशिवाय तू अगदीच गरीब स्वभावाची बाई वाटत होतीस. तुला न ओळखणाऱ्यांची नक्कीच फसगत झाली असणार.

मग एकेक वक्ता उठला आणि प्रत्येकाने तुला दीपस्तंभ म्हटलं. कोणी समाजाचा, कोणी शिक्षणक्षेत्राचा, एकाने तर उपनगरांचा. मी तोंडावर पदर धरला. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना कसं सांगू, की मला आपली स्टाफरूम आठवत होती? कोणाच्या तरी निरोप समारंभात हाच शब्द आला, तेव्हा तू बशीत चहा ओतता ओतता म्हणाली होतीस, "अगं लीले, मी राहिलेय ना त्यात. दीपस्तंभ म्हणजे 'इथे खडक आहे, जवळ येऊ नका' असं सांगणारी वस्तू. एखाद्या माणसाला असं म्हणायचं म्हणजे काय?" आणि मग घोट घेऊन, "मुख्याध्यापकांना म्हटलं तर चालेल."

सगळ्यात शेवटी अध्यक्ष उठले, आपले भाऊसाहेब. मंडळ स्थापन झालं तेव्हापासून तेच अध्यक्ष आहेत आणि मंडळ मोडेपर्यंत तेच राहतील. त्यांनी माइक जवळ ओढला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. "वादळी रात्र! आभाळ फाटलंय! बेटावरच्या दीपगृहाचं यंत्र बंद पडलंय! आणि एक माउली, आपल्या शालिनीबाईंची आई, स्वतःच्या हातांनी तो प्रचंड दिवा फिरवते आहे. आणि तिकडे, दूरवर, लाटांमध्ये सापडलेलं एक जहाज..."

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, हेही लोक विसरले, इतकं ते जहाज छान आलं होतं.

शालू, मी त्या क्षणी उठून काही बोलले नाही. पण घाबरलेही नाही. तू हे सगळं होणार म्हणून आधीच सांगून ठेवलं होतंस.

तुझं हॉस्पिटलमधलं ते शेवटचं नीट बोलणं. नर्स पाणी देऊन गेली आणि तू मला खूण करून जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता काहीतरी मोठं, गंभीर येणार. तू म्हणालीस, "लीले, भाऊसाहेब स्मरणिका काढणार. माझा बेटावरचा लेख घेतील. घेऊ दे. पण त्यात जहाज घालू देऊ नकोस."

"कुठलं जहाज?"

"अजून नाहीये गं. ते घालतील. आणि वादळ पण नको. त्यांना वादळाची फार हौस."

"माझं कोण ऐकतं?"

"तू मराठीची बाई आहेस. छापायच्या बाबतीत तुझं ऐकायचं असतं, अशी लोकांची समजूत आहे. तिचा फायदा घे."

मी हो म्हटलं. एरवी तुला एका दमात हो म्हणण्याची मला सवय नाही, पण तुझा हात हातात होता आणि वाद घालायची ती जागा नव्हती.

वाद आपण भरपूर घातले. वाकोल्याच्या म्युनिसिपल शाळेत तू भूगोलाची, मी मराठीची, आणि राहायला अंधेरीला एकाच बिल्डिंगमध्ये. म्हणजे शाळेत उरलेला वाद घरी येऊन पुरा करायची सोय. तू राहायला आलीस तेव्हाची गंमत मी कोणाला सांगितली नाही, आता सांगते. अख्ख्या बिल्डिंगचे पडदे सकाळी उघडायचे, तुझे सकाळी बंद व्हायचे. दिवेलागणीला सगळ्यांचे बंद, तुझे उघडे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "या बाई रात्रपाळीला जातात का हो? नाही, चांगल्या घरच्या दिसतात म्हणून विचारलं."

मी तुला विचारलं तेव्हा तू खो खो हसलीस. म्हणालीस, दीपगृहाचं भिंग एवढं ताकदवान असतं की दिवसा त्यातून ऊन गेलं तर समोरची वस्तू पेटते. म्हणून उजाडलं की भिंगाभोवती पडदे ओढायचे, हे लहानपणी तुझं काम होतं. हाताला लागलेली सवय जात नाही.

"पण इथे भिंग कुठंय?" मी म्हटलं.

"चष्मा आहे की," तू म्हणालीस.

त्या बेटाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर मंडळ पुढच्या रविवारी तिथे सहल काढेल आणि भाऊसाहेब किल्ल्याच्या तटावर उभे राहून भाषण करतील. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना नाही, त्यांनी एवढंच धरावं की मुंबईकडे येणाऱ्या जहाजांच्या वाटेवरचं ते एक खडकाळ बेट आहे, त्याच्यावर जुना किल्ला आहे, आणि किल्ल्याच्या डोक्यावर दीपगृह. तुझे वडील, आबा, तिथे दिवा सांभाळायचे.

निवृत्त झाल्यावर तू त्या दीपगृहाचा इतिहास लिहायला घेतलास. मला वाटलं होतं, बायका विणायला लोकर आणतात तसं काहीतरी. पण तू लिहायला लागलीस ते राजांपासून नाही, साहेबांपासूनही नाही. खडकापासून सुरू केलंस. आधी खडक. मग त्या खडकाला बिचकणारे कोळी. मग त्यांनी खडकावर बसवलेला, शेंदूर फासलेला देव. मग किल्ला. आणि या सगळ्यांच्या उरावर, सर्वांत शेवटी, इंग्रजांचा दिवा. पुढचे भाग तू गव्हर्नरांप्रमाणे पाडले नाहीस, तेलाप्रमाणे पाडलेस. खोबरेलाचा काळ, रॉकेलचा काळ. सबंध इतिहासात गव्हर्नर एकदाच येतो, तोही बोट लागल्यामुळे पायरी न चढता परत जातो. विलायतेहून भिंगं आली ती गवतात गुंडाळून आली आणि ते गवत बेटावरच्या बकऱ्यांनी खाल्लं, हेसुद्धा तू घातलंस.

"बकऱ्या कशाला?" मी विचारलं होतं.

"उद्घाटनाला हजर असलेल्यांपैकी कोणाचा काही फायदा झाला असेल तर त्यांचाच. मग त्यांना वगळून कसं चालेल?"

मी आयुष्यभर निबंध तपासले, शालू. असं वाक्य मला एकाही वहीत मिळालं नाही.

तुझ्यात आणि माझ्यात मुख्य भांडण होतं ते हे की दिवा कोणासाठी होता. मी म्हणायचे, साहेबाच्या जहाजांसाठी, त्यांच्या मालासाठी. त्यात आपलं काय? तू म्हणायचीस, प्रकाश कोणाला नाव विचारून पडत नाही. मी म्हणायचे, हे वाक्य भाऊसाहेबांना दे, त्यांना उपयोगी पडेल. असं मी म्हटलं की तू चिडायचीस आणि मला फार बरं वाटायचं.

शेवटी तू मला ओढत वेसाव्याला नेलंस. कोळी लोकांनाच विचारू, म्हणालीस. बाजारात एक मासळीवाली बसली होती, नाकात चमकी, समोर पापलेटांची रास. तू तिला विचारलंस की तुमच्या माणसांना तो दक्षिणेकडचा बेटावरचा दिवा कधी उपयोगी पडला का. ती आधी म्हणाली, मासळी घ्यायची का गप्पा मारायच्या. तू पापलेट घेतलीस. मग ती म्हणाली, "आमचा मानूस तो दिवा बघून आला ना बाय, तर मी त्याला घरात घेनार नाय. एवढ्या लांब कोनाकडं गेल्तास, म्हनून विचारीन." आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या. मी तर जिंकल्यासारखं तुझ्याकडे बघितलं.

आणि तू काय केलंस? घरी येऊन ते जसंच्या तसं लेखात घातलंस. तुझ्या विरुद्ध जाणारं. तिखटमिठासकट. मी म्हटलं, "अगं, हे तर माझ्या बाजूचं आहे." तू म्हणालीस, "असू दे. खरं आहे ना?" त्या दिवसापासून तुझ्याशी भांडताना मला जरा जपून भांडावं लागलं. समोरचा माणूस हरलेला डाव स्वतःच लिहून ठेवत असेल, तर त्याला हरवून मिळणार काय?

आता त्या रात्रीचं. तुझ्या लेखातला तो भाग, ज्याच्यासाठी मी पुढे एवढी पायपीट केली.

शिमग्याचे दिवस होते. आबांचा मदतनीस सणाला गावी गेला होता. कोकणातला माणूस, शिमग्याला त्याला साखळीने बांधला तरी राहणार नाही. पौर्णिमा, लख्ख चांदणं, वाऱ्याची झुळूक नाही, समुद्र तळ्यासारखा. आणि अशा त्या गुणी रात्री भिंग फिरवणारं यंत्र मोडलं. घड्याळासारखं यंत्र ते, किल्ली देऊन वजन वर ओढायचं आणि ते उतरता उतरता भिंग फिरायचं. ते अडलं की नियम एकच. हाताने फिरवा. दिवा फिरायचा थांबता कामा नये, कारण प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते आणि खलाशी तिच्यावरूनच ओळखतात की आपण कुठे आहोत.

आबांनी फिरवलं, फिरवलं, आणि त्यांचे हात भरून आले. तेव्हा तुझी आई वर आली, तुलाही कडेवर घेऊन, कारण खाली एकटीला कुठे ठेवणार? तुला चटईवर टाकलं आणि भिंगाची मूठ हातात घेतली. तिला फिरवण्याचं काम नवीन नव्हतं. बेटावर पिठाची गिरणी नाही, रोजचं दळण तीच दळायची. ती मूठ धरून बसली, ओवी म्हणायला लागली आणि भिंग गरगरा फिरायला लागलं. आबा जरा भिंतीला टेकले होते ते बाहेरच्या समुद्रावरची उघडझाप बघून ताडकन उठले.

"अगो, काय करतंस! ह्यो आपलो दिवो न्हय! ह्यो खंयचो तरी दुसरोच दिवो झालो!"

"माका जात्याचो हिशोब ठावक. दुसरो कोणी शिकवलो?"

"अगो, जहाजवाले चुकतले!"

"मगे सावकाश दळतंय."

ही तुझ्या आईची चूक. जगात दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. दीपगृह जात्याच्या वेगाने फिरवायचं आणि खडकाचं नावच बदलून टाकायचं! पण सावकाश तिला जमेना. ओवी आली की हात पळायचा. शेवटी तिने ओवी सोडली आणि पाळणा म्हणायला घेतला. आबा घड्याळ धरून बसले आणि म्हणाले, हां, आता बरोबर. पहाटेपर्यंत दोघं आळीपाळीने फिरवत राहिली, ती पाळण्यावर आणि आबा घड्याळावर. तू अर्थातच पाळणा ऐकून झोपलीस. म्हणजे तुझ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची रात्र तुला ऐकीव आहे. हेही तू लिहून टाकलंस.

दुसऱ्या दिवशी कोळ्यांची होडी आली तेव्हा आबांनी राम राम करायच्या आधी विचारलं, रात्री बाहेर कोण कोण होतं? दिवा थोडा वेळ चुकीचा होता. कोळी म्हणाला, "शिमग्याचं दर्यात कोन जातंय?" सगळ्या होड्या किनाऱ्याला, पताका लावून. मोठं जहाजही रात्रभरात एक दिसलं नव्हतं. आबा म्हणाले, बरं झालं. आणि आईला म्हणाले, आज रात्रीसुद्धा फिरवायचाय.

घाटकोपरच्या एका व्याख्यानात तू हे पहिल्यांदा लोकांपुढे सांगितलंस. मी पुढच्या रांगेत होते. तुझं बोलून झालं आणि एक गृहस्थ उठले. टाय लावलेले.

"बाई, मग कुठलं जहाज वाचलं?"

"कुठलंच नाही."

"म्हणजे, मग?"

"मग सकाळ झाली."

मागच्या रांगांतले लोक चहाच्या कपांकडे वळले. लोकांना फसवल्यासारखं वाटलं होतं. परतताना मीही तुला बोलले. "शालू, काहीच झालं नाही असा इतिहास कोण वाचेल? कोणी बघितलाच नाही, तर तो दिवा फिरला काय आणि न फिरला काय?"

तू म्हणालीस, "तू वह्या तपासतेस. पोरं त्या उघडूनसुद्धा बघत नाहीत. तरी शेवटच्या वहीपर्यंत जातेस ना?"

"नाही जात."

"मग तुझ्या वर्गावर बरीच जहाजं फुटली असतील."

ते भांडण तिथेच राहिलं. मग तुझी तपासण्यांची, औषधांची धावपळ सुरू झाली. आजारी माणसाशी वाद घालू नये असं मला घरच्यांनी सांगितलं. मी ऐकलं. तुला ते आवडलं नसावं. तू दोनतीनदा मुद्दाम विषय काढलास आणि मी "हो गं, बरोबर आहे तुझं," म्हटलं. तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू डॉक्टरांनी तुला न सांगितलेली गोष्ट तुला माझ्याकडूनच कळली.

असो. शोकसभेनंतर मी भाऊसाहेबांच्या घरी गेले. त्यांनी सरबत दिलं. मी म्हटलं, लेखात जहाज नको. ते म्हणाले, "बाई, भावना समजून घ्या. वाचकाला काहीतरी लागतं."

"जहाज आलं नव्हतं."

"बरं, जहाज लहान करू. गलबत?"

"गलबतही नव्हतं. शिमगा होता."

"ठीक. जहाज काढतो. पण मग वादळ वाढवावं लागेल."

"चांदणं होतं, भाऊसाहेब. पौर्णिमा."

त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या दुःखाने पाहिलं. "चांदण्यात कसला हो पराक्रम?" ते म्हणाले. आम्ही भाजी मंडईत करतात तशी घासाघीस केली. मी वादळ दिलं नाही, वीज दिली नाही, ढगही दिला नाही. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही भाषेच्या बाई. तुम्ही म्हणता तर राहू दे." तुझं निदान अचूक होतं, हे तुला कळवते.

पण तू एक गोष्ट विसरलीस. अध्यक्ष माणूस हो म्हणतो तेव्हा त्याचं काम सुरू होतं.

काल मी गोरेगावला छापखान्यात गेले, प्रुफं बघायला. तुझा लेख नीट होता, बकऱ्या होत्या, पापलेटवाली होती, "मगे सावकाश दळतंय" होतं. पान उलटलं. आणि शेवटच्या वाक्याखाली, जाड टाइपात, एक परिच्छेद. "...आणि त्या मातेच्या प्रकाशात एक जहाज सुखरूप पार झाले." एवढ्यावर भागलं नाही. त्याखाली चित्र. छापखान्यात कुठल्या तरी जुन्या कॅलेंडरच्या चित्राचा धातूचा ठसा पडून होता, तीन शिडांचं जहाज, शिडं टम्म फुगलेली. भाऊसाहेब स्वतः येऊन निवडून गेले होते.

अक्षरं जुळवणारे जुळारी, परब म्हणून आहेत, मालवणकडचे, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. मी म्हटलं, हे काढा.

"अध्यक्षांनी सांगितल्यानी, बाई."

"मी लेख लिहिणारीच्या वतीने सांगतेय. तिने मला सांगून ठेवलंय. भाऊसाहेबांनी विचारलं तर माझं नाव सांगा."

परबांनी लेखाचं पान उचललं आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. नुसतं म्हणाले, "आवशीन पाळणो म्हटल्यान?" मी म्हटलं, हो, आईनेच. मग त्यांनी चिमटा घेतला आणि जुळवलेल्या मजकुरातून एकेक अक्षराचा खिळा उचलायला लागले. आधी "झाले" गेलं, मग "पार", मग "सुखरूप", मग "जहाज". प्रत्येक अक्षर आपापल्या खणात पडत होतं. शेवटी त्यांनी तो शिडांचा ठसा दोन बोटांनी उचलून बाजूच्या खोक्यात टाकला. खोक्यात त्याच्यासोबत एक कलश, दोन मोर आणि नवरा-नवरीचे हात होते.

पानाचा खालचा अर्धा भाग उघडा पडला. परबांनी खोक्यात परत हात घातला.

"पान बोडक्यां दिसतलां, बाई. मोर घालू? वेलबुट्टी आसा."

"काही नको."

"लोक म्हणतले, छापूक इसारले."

"म्हणू देत. छापा."

त्यांनी शाई फिरवली, कागद ठेवला, दाबला आणि उचलून माझ्या हातात दिला. वर तुझी अक्षरं आहेत, शालू, आणि खाली अर्धं पान नुसतं पांढरं. पौर्णिमेच्या रात्रीसारखं स्वच्छ. रात्रभर त्याच्याकडे बघत बसावं, इतकं चांगलं आलंय.